परसातून तेजोमेघाचा फोटो: गोव्याच्या आकाशासाठी पायरीपायरीने

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा, म्हणजे आकाशातल्या चमकत्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो काढायला बसलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. माउंट (टेलिस्कोप धरून फिरवणारी बैठक) चांगला, टेलिस्कोप चांगला, व्हिडिओत सांगितलं तसंच सगळं केलं, तरीही तारे ठिपक्यांऐवजी लांबट रेघा येतात आणि मध्यरात्रीनंतरच्या फ्रेम धुरकट होतात. उपकरणं बदलून हे सुटत नाही. आपण पाहतो ते बहुतेक व्हिडिओ ४० ते ५० अक्षांशांवरच्या लोकांनी कोरड्या, थंड हवेत केलेले असतात. तिथे ध्रुवतारा आकाशात अर्ध्या उंचीवर असतो. पणजीत तो क्षितिजापासून साडेपंधरा अंशांवर असतो, काणकोणात जेमतेम पंधरा. म्हणजे माडांच्या झावळ्यांमागे, नाहीतर शेजारच्या कौलांमागे. त्यात आपल्याकडचं दंव. म्हणून इथे कामाचा क्रमच थोडा वेगळा ठेवावा लागतो.

पहिलं लक्ष्य एम ४२, म्हणजे मृगातला हाच तेजोमेघ धरा. तो तेजस्वी आहे, मोठा आहे, आणि कॅमेऱ्यात काही फेरफार न करताही चांगला उमटतो. रोझेट किंवा कॅलिफोर्निया तेजोमेघ सुरुवातीला नकोत. त्यांचा प्रकाश मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६ नॅनोमीटरच्या लाल रेषेत असतो आणि साध्या डीएसएलआरच्या आतला फिल्टर त्यातला बराचसा भाग अडवतो.

१. रात्र आणि जागा आधी ठरवा

जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबरात ढगांचा भरवसा नाही. कामाचे महिने नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. जानेवारीच्या मध्यात एम ४२ रात्री साडेदहाच्या सुमारास मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो आणि तेव्हा गोव्यातून सुमारे ६९ अंश उंच असतो. तीस अंशांच्या वर तो साधारण साडेसात तास राहतो. युरोपातल्या निरीक्षकाला मृग इतका उंच कधीच मिळत नाही, हा आपला मोठा फायदा आहे. अमावास्येच्या आगेमागे चार-पाच दिवस धरा. सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने आकाश पूर्ण काळोखं होतं.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळलेला बरा. घरोघरी नाताळचे चांदणीचे कंदील आणि दिव्यांच्या माळा असतात, किनाऱ्यावर पार्ट्यांचे झोत आकाशात फिरतात. जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी शांत जातो. कळंगुट-बागाच्या पट्ट्यात राहत असाल तरी एम ४२ घरूनच काढा. तो तेवढा उजेड सोसतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण इथल्या आतल्या गावांत तुमचं घर असेल तर उत्तमच.

जागा निवडताना दक्षिण आणि पूर्व मोकळी हवी. उत्तर मोकळी नसली तरी चालेल. त्यावरचा उपाय पाचव्या टप्प्यात आहे. माडाखाली उपकरण मांडू नका. नारळ नाही पडला तरी झावळी पडते, आणि तीही टेलिस्कोपला पुरेशी आहे.

*तपासा:* आदल्या संध्याकाळी त्याच जागी उभं राहून पाहा. कोणी पालापाचोळा जाळतं का? शेजारच्या पडवीतला बल्ब थेट डोळ्यांवर येतो का? शेजाऱ्यांना आधीच सांगितलं तर दिवा बंद करायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. रात्री अकराला जाऊन सांगितलं तर म्हणतात.

२. किट एकमेकांना जुळतं का?

सुरुवातीला उत्तम जोडणी अशी: ६० ते ८० मिलीमीटरचा ईडी रिफ्रॅक्टर (रंगदोष कमी असलेली भिंगांची दुर्बीण), फोकल लांबी ४०० मिलीमीटरच्या आसपास, आणि मोटर असलेला, आकाशाच्या फिरण्याबरोबर टेलिस्कोप फिरवणारा इक्वेटोरियल माउंट. एपीएस-सी सेन्सरवर (बहुतेक डीएसएलआरमध्ये हाच असतो) ही जोडणी सुमारे ३.२ बाय २.१ अंशांची चौकट देते. एम ४२ साधारण एक अंशाचा, त्यामुळे त्याच्या उत्तरेचा निळसर रनिंग मॅनही सोबत बसतो. टेलिस्कोप नसेल तर १३५ किंवा २०० मिलीमीटरची लेन्स आणि छोटा स्टार ट्रॅकरही पुरतो, आणि माझ्या मते पहिल्या हंगामासाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे.

डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) डोळ्यांनी पाहायला फार छान, पण लांब एक्स्पोजरला त्याचा उपयोग नाही. माउंटवर बसणारी आरशाची दुर्बीण, म्हणजे न्यूटोनियन, घेणार असाल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: यावर डीएसएलआर फोकस होतो का? अनेक स्वस्त मॉडेलमध्ये फोकसर पुरेसा आत जात नाही आणि कॅमेऱ्यात प्रतिमा स्पष्ट होतच नाही.

पैसे कुठे घालायचे असतील तर माउंटमध्ये घाला. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) सरकतं. ४०० मिलीमीटरवर साध्या डीएसएलआरचा एक पिक्सेल जेमतेम दोन आर्कसेकंदांचा असतो. डुगडुगणाऱ्या माउंटवर महागडी काच ठेवून काहीच साधत नाही.

३. दिवसाउजेडी करायची कामं

निम्मं काम सूर्य मावळायच्या आत संपलं पाहिजे. बॅटऱ्या भरा, मेमरी कार्ड रिकामं करा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, फाइल रॉ. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून काळा फोटो (डार्क) घेत बसेल आणि अर्धी रात्र वाया जाईल. लेन्सवर काढत असाल तर स्टॅबिलायझेशनही बंद.

टेलिस्कोपचा फाइंडर दिवसाच जुळवा. लांबचा मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस मधोमध आणा आणि फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच बिंदू त्यात धरा.

*इशारा:* सूर्य वर असताना टेलिस्कोप कधीही सूर्याच्या दिशेने वळवू नका, मुलं जवळ असतील तर झाकण काढूच नका. एका क्षणात डोळा कायमचा जातो.

उपकरणं एसीच्या खोलीत ठेवत असाल तर बाहेर काढताना बॅगेतच राहू द्या. थंडगार काच दमट हवेत आली की लगेच पाण्याने झाकोळते. बंद बॅगेत तासभर ठेवून मग उघडा.

विजेबद्दल एक कडक नियम: घरातून ओढलेला २३० व्होल्टचा एक्स्टेंशन बोर्ड दंवात उघड्यावर ठेवायचा नाही. माउंट आणि ड्यू हीटर (काच उबदार ठेवून दंव टाळणारी पट्टी) १२ व्होल्टवर चालतात, गाइड कॅमेरा (ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारणारा छोटा कॅमेरा) सहसा यूएसबीवर. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्या. करंट गेला तरी काम थांबत नाही, हा वरचा लाभ. घरातली लाइन वापरावीच लागली तर अडॅप्टर पडवीत कोरड्यात ठेवा, बाहेर फक्त १२ व्होल्टची वायर न्या आणि त्या लाइनला आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे याची खात्री करा.

४. मांडणी

ट्रायपॉड सारवलेल्या किंवा भुसभुशीत मातीवर ठेवला की पाय हळूहळू खचतात, आणि ध्रुवजुळणी (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखणं) तासाभरात बिघडते. तीन पायांखाली तीन चिरे घट्ट बसवा. गच्चीवर मांडणार असाल तर शूटिंग चालू असताना गच्चीवर चालायचं नाही. स्लॅब हलतो आणि ते फोटोत दिसतं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांबवू नका, जितका बुटका तितका स्थिर.

उत्तर दिशा फोनच्या होकायंत्राने बघताना ट्रायपॉडपासून चार पावलं दूर उभे राहा. लोखंड आणि मोटरजवळ ते फसवतं.

आता आपल्या अक्षांशाची खास अडचण. माउंटचा अक्ष १५ अंशांवर आणला की काउंटरवेटचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि उत्तरेकडच्या पायावर आपटू शकतो. परदेशी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण त्यांच्याकडे ते घडतच नाही. वीज जोडण्याआधी दोन्ही क्लच सैल करून टेलिस्कोप पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत हाताने फिरवून बघा. दांडा अडत असेल तर वजन वर सरकवा आणि समतोल राखायला आणखी एक छोटं वजन लावा, किंवा माउंट आणि ट्रायपॉडच्या मध्ये छोटा खांब घाला. काही हलके माउंट १५ अंशांपर्यंत उतरतच नाहीत. विकत घेण्याआधी माहितीपत्रकात ही मर्यादा वाचा.

समतोल साधताना कॅमेरा, गाइडस्कोप, ड्यू पट्टी, वायरी, सगळं लावलेलं हवं. आधी आरए अक्ष (ध्रुवाकडे रोखलेला), मग डेक (त्याला काटकोनात असलेला). वायरी एकत्र बांधा आणि टेलिस्कोप कुठेही वळला तरी त्या ताणल्या जाणार नाहीत एवढा ढिलेपणा ठेवा. यानंतर काही जोडलं किंवा काढलं तर समतोल पुन्हा बघा.

संधिप्रकाशात पहिला ठळक तारा दिसला की त्यावर ढोबळ फोकस करून ठेवा. पुढच्या टप्प्यात कॅमेऱ्याला तारे ओळखता आले पाहिजेत.

५. ध्रुवजुळणी: इथेच बहुतेकांचं चुकतं

ध्रुवतारा दिसत असेल तर पोलर स्कोपमधून (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतून) जुळणी करा. पण १५ अंशांवर तो क्षितिजाजवळच्या धुरकट हवेतून अंधुक दिसतो, आणि भलताच तारा ध्रुव समजून जुळणी केल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. शर्मिष्ठा किंवा सप्तर्षी पाहून खात्री करा. खाली मान घालून, गुडघे टेकून त्या छोट्या भिंगात बघणंही १५ अंशांवर त्रासाचं असतं, त्यासाठी काटकोनी आयपीस मिळतो.

उत्तरेला माड किंवा घर असेल तर ध्रुवताऱ्याशिवाय जुळवा. लॅपटॉप असेल तर सोपा मार्ग म्हणजे निना हे मोफत सॉफ्टवेअर आणि त्यातला थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट हा प्लगइन. तो आकाशाच्या कुठल्याही मोकळ्या भागाचे तीन फोटो घेतो, तारे ओळखतो आणि अक्ष किती चुकला ते अंशांत सांगतो. तुम्ही फक्त उंचीचा आणि दिगंशाचा (डावी-उजवीकडचा) स्क्रू फिरवायचा.

लॅपटॉप नसेल तर ड्रिफ्टची जुनी पद्धत वापरा. तिला वेळ लागतो, पण ती कुठूनही चालते आणि एकदा हातात बसली की कधी दगा देत नाही. क्रम असा:

आधी दिगंश. मध्यमंडलाजवळचा आणि खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळचा) तारा घ्या. मृगाच्या बाणातला पश्चिमेकडचा तारा जवळजवळ विषुववृत्तावरच आहे, तो दक्षिणेला उंच असताना उत्तम. तारा क्रॉसहेअरवर धरा, ट्रॅकिंग चालू ठेवा, पाच मिनिटं थांबा. पूर्व-पश्चिम सरकणं सोडून द्या, फक्त उत्तर-दक्षिण बघा. तारा दक्षिणेला सरकला तर अक्ष पूर्वेकडे जास्त वळलाय, उत्तरेला सरकला तर पश्चिमेकडे.

मग उंची. पूर्वेला, क्षितिजापासून वीस-तीस अंशांवर, विषुववृत्ताजवळचा तारा घ्या. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेला सरकला तर वर.

आयपीसमध्ये उत्तर कुठे हे कळत नसेल तर टेलिस्कोप ध्रुवाकडे हलकेच ढकला: दृश्यात तारा ज्या बाजूला पळतो ती दक्षिण. पाच मिनिटांत सरकणं जाणवेनासं होईपर्यंत दोन्ही आलटून पालटून करा. गाइडिंगसाठी पीएचडी २ हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना त्यातच ड्रिफ्ट अलाइनचं साधन मिळतं.

*तपासा:* एम ४२ च्या दिशेने ६० सेकंदांची एक फ्रेम घ्या आणि कोपऱ्यातले तारे शंभर टक्के झूमवर पाहा. सगळे एकाच दिशेने लांबट असतील तर जुळणी किंवा ट्रॅकिंग कच्चं. कोपऱ्यातलेच लांबट आणि मधले गोल असतील तर तो दोष काचेचा किंवा फ्लॅटनरच्या (कडेचे तारे गोल ठेवणाऱ्या जादा भिंगाच्या) अंतराचा. त्यासाठी ध्रुवजुळणी पुन्हा करत बसू नका.

*इशारा:* जुळणी झाल्यावर ट्रायपॉडला पाय लागला तर हा टप्पा पहिल्यापासून. ट्रायपॉडच्या पायांना पांढरी पट्टी चिकटवून ठेवा. दिशा दाखवायला हिरवा लेझर वापरू नका: दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आपल्याकडे आहेत, आणि वैमानिकाच्या डोळ्यात लेझर जाणं हा गंभीर धोका आहे.

६. फोकस

बाहतिनोव मास्क (टेलिस्कोपच्या तोंडावर लावायची खाचांची चकती) विकत घ्या किंवा कापून घ्या. राजन्य किंवा व्याध मधोमध आणा, लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा. मास्कमुळे तीन रेघा दिसतात. मधली रेघ इतर दोघींच्या बरोबर मध्ये आली की फोकस झाला. फोकसरचा स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा बघा, कारण स्क्रू आवळताना तो बऱ्याचदा सरकतो. मग मास्क काढा. मास्क लावूनच तासभर फोटो काढणारे कमी नाहीत.

दर तासाला आणि हवा थंडावली की फोकस पुन्हा तपासा. लेन्सचं अनंताचं चिन्ह विश्वासाचं नाही.

७. एक्स्पोजर

आयएसओ ८०० किंवा १६००. सुरुवात ३० सेकंदांनी करा, तारे गोल राहिले तर ६०, गाइडिंग असेल तर १२०. पाठच्या पडद्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा डोंगरासारखा आलेख) बघा: डोंगराचा पाय डाव्या कडेपासून सुटलेला आणि शिखर डावीकडून साधारण पाव भागावर हवं. मध्यापर्यंत आलं असेल तर आकाशाचा उजेडच जास्त साठतोय. वेळ कमी करा. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो रात्री नेहमी उजळ भासतो, त्यावर भिस्त ठेवू नका.

एम ४२ च्या गाभ्यात ट्रॅपेझियम हे तरुण ताऱ्यांचं छोटं टोळकं आहे आणि तो भाग ६० सेकंदांत पांढरा फटक जळून जातो. सॉफ्टवेअरमध्ये तो परत येत नाही, कारण तिथे माहितीच उरलेली नसते. म्हणून दोन संच घ्या: मुख्य संच ६० किंवा १२० सेकंदांचा, आणि गाभ्यासाठी ५ सेकंदांच्या वीस-तीस फ्रेम. ही पाच मिनिटांची मेहनत बहुतेक जण टाळतात आणि मग प्रत्येकाच्या फोटोत मधोमध तोच पांढरा डाग असतो.

एकूण वेळ दीड-दोन तासांचा ठेवा. फ्रेमची संख्या चौपट केली की नॉइज निम्मा होतो. म्हणजे दहा मिनिटांवरून चाळीसवर जाण्यात मोठा फरक दिसतो. दोन तासांवरून अडीचवर जाण्यात जवळपास नाही.

दर दोन-तीन फ्रेमनंतर चौकट काही पिक्सेल सरकवा. याला डिदरिंग म्हणतात. आपल्या वीस-बावीस अंशांच्या रात्रीतही न थंडावलेला सेन्सर उष्ण राहतो आणि त्याचे रंगीत ठिपके तिरक्या रेघांसारखे पसरतात. डिदरिंगने ते पुसले जातात. सॉफ्टवेअर नसेल तर हँड कंट्रोलरचं बटण हळूच एकदा दाबलं तरी काम होतं.

एलईडी पथदिव्यांच्या वस्तीत राहणाऱ्यांसाठी एक सूचना: जुने प्रकाशप्रदूषण फिल्टर पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी बनलेले आहेत. पांढरा एलईडी सगळ्याच रंगांत पसरतो, त्यामुळे त्यांचा फायदा थोडाच. पहिल्या हंगामात ते पैसे ड्यू हीटरमध्ये घाला.

८. दंव आणि मध्यमंडल

गोव्यात रात्र बिघडवतं ते दंव, आणि ते गुपचूप येतं. फ्रेम थोड्या फिकट होतात, ताऱ्यांभोवती वलय येतं, मग सगळं पांढरं. हीटरची पट्टी पहिल्या फ्रेमच्या आधी चालू करा, दंव दिसल्यावर नव्हे. पट्टी पुढच्या काचेच्या अगदी मागे गुंडाळा आणि गाइडस्कोपला वेगळी लावा. पुढे काळ्या फोम शीटची, टेलिस्कोपच्या व्यासाच्या दीडपट लांब नळी बसवा. हीटर अगदी जोरात नको. काच हवेपेक्षा किंचित उबदार राहिली की पुरे, जास्त तापली तर तारे थरथरतात.

*इशारा:* भिजलेली काच कापडाने पुसू नका. किनाऱ्याच्या हवेत मीठ असतं, धूळ असते, आणि घासलं की कोटिंगवर कायमचे ओरखडे. १२ व्होल्टवर चालणारा हेअर ड्रायर सर्वांत मंद ठेवून दुरून वारा द्या. डासांचा स्प्रे उपकरणापासून दूर, अंगाला लावून हात पुसूनच जवळ या. त्यातली रसायनं प्लास्टिक आणि कोटिंग खातात. परसात फिरताना पायाशी टॉर्च मारा, घोणस थंडीतही बाहेर असते. टॉर्चला लाल जिलेटीन लावा.

एम ४२ मध्यमंडल ओलांडतो तेव्हा टेलिस्कोप माउंटच्या दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो, नाहीतर कॅमेरा ट्रायपॉडला भिडतो. त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी शूटिंग थांबवा, फ्लिप करा, लक्ष्य पुन्हा मधोमध आणा, फोकस आणि गाइडिंग तपासा, मग पुढे. फोटो उलटा येईल, त्याची काळजी नको. स्टॅकिंग (सगळ्या फ्रेम संगणकावर एकत्र करून एक फोटो बनवणं) ते जुळवून घेतं.

९. डार्क आणि फ्लॅट: झोपायच्या आधी

शेवटची फ्रेम झाली की लगेच झाकण लावा, व्ह्यूफाइंडर झाका आणि तोच आयएसओ, तेवढाच वेळ ठेवून वीस डार्क घ्या. सेन्सरचा स्वतःचा नॉइज त्यांनी वजा होतो. लगेच घ्यायचं कारण तापमान. दुसऱ्या दुपारी घरात घेतलेल्या डार्कचा उपयोग होत नाही.

फ्लॅट म्हणजे धुळीचे डाग आणि कडांचा काळोख दुरुस्त करणारे समान उजेडाचे फोटो. त्यासाठी पांढरा टी-शर्ट सुरकुत्या न ठेवता टेलिस्कोपच्या तोंडावर ताणा आणि पहाटेच्या समान उजेडाकडे किंवा पांढऱ्या लॅपटॉप स्क्रीनकडे धरा. हिस्टोग्राम मध्यावर, आयएसओ तोच, वीस-तीस फ्रेम. त्याआधी कॅमेरा काढलात, फिरवलात किंवा फोकस हलवलात तर फ्लॅट निकामी. शेवटी झाकण लावून सर्वांत जलद शटरवर वीस बायस (सेन्सरचा मूळ नॉइज नोंदणारे काळे फोटो).

उपकरणं ओली असताना बॅगेत बंद करू नका. पंख्याखाली झाकण उघडून सुकू द्या, मग सिलिका जेलसह हवाबंद डब्यात. आपल्या हवेत लेन्सवर बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

१०. स्टॅकिंग आणि खुलवणं

सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर, दोन्ही मोफत. आधी सगळ्या फ्रेम एकेक करून पाहा आणि ढगाच्या, धक्का लागलेल्या, दंवाच्या फ्रेम निर्दयपणे काढा. विमानाची किंवा उपग्रहाची रेघ असलेली फ्रेम मात्र ठेवा. सिग्मा क्लिपिंग (इतर फ्रेमशी न जुळणारे पिक्सेल वगळणं) निवडलं की ती रेघ स्वतःच नाहीशी होते. लांब आणि छोट्या एक्स्पोजरचे संच वेगवेगळे स्टॅक करा, प्रत्येकाला त्याच्या वेळेचे डार्क द्या. पाच सेकंदांच्या संचाला डार्क नसतील तर बायस पुरतात.

स्टॅक झालेला फोटो जवळजवळ काळा दिसतो. काही चुकलेलं नाही, तो अजून ताणायचा, म्हणजे त्यातला अंधुक भाग उजळायचा आहे. क्रम पाळा: कडा कापा, मग पार्श्वभूमीतला उजेडाचा उतार काढा, मग रंग जुळवा, आणि त्यानंतरच ताणा. आधी ताणून मग उतार काढायला गेलात तर तेजोमेघाची फिकट किनार त्याच्यासोबत जाते. उतार काढताना नमुन्याचे बिंदू एम ४२ च्या धुसर पसाऱ्यावर ठेवू नका. तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा लांबवर पसरलेला आहे.

ताणणं थोडं थोडं करा, एकदम नको. मग गिम्प या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये छोट्या एक्स्पोजरचा थर वर ठेवून मऊ मास्कने फक्त गाभा त्यातून घ्या. जोड दिसत असेल तर मास्क आणखी धूसर करा. पार्श्वभूमी पूर्ण काळी करण्याचा मोह होतो. ती गडद करडीच ठेवा, कारण पूर्ण काळ्यात बाहेरची तपकिरी धूळ हरवते. फोटोवर हिरवट झाक असेल तर सिरिलमधलं हिरवा नॉइज काढण्याचं साधन चालवा. मूळ स्टॅक ३२ बिट फिट्स फाइलमध्ये राखून ठेवा, पुढच्या अमावास्येच्या फ्रेम त्याच चौकटीत घेऊन त्याच्याशी जोडता येतात.